जर्मनीत १९९४ ची मर्सिडीज एसएल ३२० छंद म्हणून घेतोय, आधी कशाला हात घालू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीचं कापडी छत अर्ध्यावर येऊन थांबतं, थंड इंजिन मिसिंग मारतं आणि गरम झालं की बरं चालतं. विकणारा म्हणतो, 'किरकोळ काम आहे.' तुम्हाला शनिवार-रविवारी स्वतः काम करायचंय, आणि त्यातही सुरुवात १८ इंची चाकं लावून व गाडी थोडी खाली बसवून करायचीय.

क्रम बरोबर उलटा लावा. आधी इंजिनाची वायरिंग, मग छत, मग सस्पेन्शन, आणि चाकं सगळ्यात शेवटी.

ही एसएल म्हणजे आर१२९ पिढी. १९८९ च्या जिनिव्हा प्रदर्शनात आली, ब्रेमेनच्या कारखान्यात बनली आणि २००१ पर्यंत चालली. पत्रा जाड, रंग चांगला, इंजिनाचं लोखंड दमदार. पण या गाड्या किलोमीटरनं नाही, वयानं मरतात. प्लास्टिक, रबर आणि वायरीचं आवरण या तीन गोष्टी तीस वर्षांत संपतात, गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली असली तरी. म्हणून 'फक्त ८० हजार किलोमीटर' या वाक्याला मी फारशी किंमत देत नाही. जुनी बिलं दाखवा म्हणावं.

थंडीत मिसिंग मारणं म्हणजे प्लग किंवा कॉइल असं बहुतेक जण धरून चालतात. असूही शकतं. पण साधारण १९९२ ते ९५ या काळातल्या मर्सिडीजमध्ये इंजिनावरच्या वायरिंग हार्नेसला (सगळ्या वायरींच्या एकत्र जुडग्याला) वापरलेलं आवरण उष्णतेनं कडक होऊन झडतं, आणि तुमच्या १९९४ च्या गाडीचं सहा सिलिंडरचं एम१०४ इंजिन नेमकं त्यातच बसतं. तपासणी पाच मिनिटांची आहे. इंजिन थंड असताना एखाद्या सेन्सरच्या कनेक्टरमागची काळी बाहेरची नळी दोन सेंटीमीटर मागे सरकवा आणि आतली बारीक वायर बोटांत धरून हलकेच वाकवा. चांगली वायर रबरासारखी वाकते. गेलेली वायर मारी बिस्किटासारखी तडकते आणि आतलं तांबं उघडं पडतं. ऑइल प्रेशरच्या सेन्सरजवळ आणि अल्टरनेटरकडे जाणाऱ्या फाट्यावर हीच तपासणी पुन्हा करा, कारण तिथे उष्णता जास्त.

हार्नेस आधी कुणी बदलला असेल तर त्यावर तारखेचं लेबल असतं. १९९६ नंतरची तारीख दिसली तर सुटलात. लेबल नाही, वायर तडकते आणि तरी गाडी 'बरी चालते' अशी स्थिती असेल, तर ती चालवत राहू नका. दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या की इंजिनाचा कंप्युटर जळतो, आणि तो हार्नेसपेक्षा महाग पडतो. चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेणं इथे चालत नाही, कारण आवरण पूर्ण लांबीभर मेलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या डब्यातली वायरही त्याच जातीची आहे. ती राहून गेली तर नवा हार्नेस बसवूनसुद्धा आयडलिंग वरखाली होतं, एएसआरचा (चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो आणि गाडी पिकअप सोडते. थ्रॉटल उघडून नवी वायरिंग घालून देणारे कारागीर जर्मनीत आहेत. दोन्ही कामं एकाच वेळी उरका.

हार्नेस बदलणं अवघड नाही, वेळखाऊ आहे. आधी बॅटरी सोडायची (ती डिकीत असते), प्रत्येक कनेक्टरचा फोटो काढायचा, त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवायची. जुने प्लास्टिक क्लिप तुटणार, त्यामुळे थोडे नवे आधीच आणून ठेवा. पहिल्यांदा करणाऱ्याचा अख्खा शनिवार जातो. याच दिवशी प्लग बदला: या इंजिनाला रेझिस्टर नसलेले साधे तांब्याचे प्लग लागतात, गॅप ०.८ मिमी. महागडे इरिडियम घालून इथे काही मिळत नाही. प्लगच्या विहिरीत तेल साचलेलं दिसलं तर वरच्या कव्हरचं गॅस्केटही घ्या. तेच तेल कॉइलपर्यंत चढून मिसिंग करतं.

आता बॉनेट उघडलंच आहे तर इंजिनाच्या उजव्या मागच्या कोपऱ्यात टॉर्च मारा. एम१०४ चं हेड गॅस्केट (इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) तिथून बाहेर तेल सोडतं. नुसती ओल असेल तर वर्ष-दोन वर्षं लक्ष ठेवून चालतं. खाली थेंब पडत असतील, किंवा कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग असेल, तर हेड उतरवावं लागणार आणि ते पैसे किमतीतून कमी करून घ्या. स्वतः करणार असाल तर: हेडचे बोल्ट ताणले जाणारे आहेत, नवे १६० मिमी लांब, आणि १६३.५ च्या वर गेलेले पुन्हा वापरायचे नाहीत. मी म्हणेन, मोजत बसूच नका, नवेच घाला. आवळणं ५५ न्यूटन मीटर, मग ९० अंश, मग आणखी ९० अंश, क्रमानं मधून बाहेर. पुढच्या टायमिंग कव्हरच्या वरच्या भागाचं यू आकाराचं सीलही तेव्हाच बदलायचं, नाहीतर महिन्याभरात पुढून गळती सुरू होते.

छताकडे येऊ. लोक याला सगळ्यात जास्त घाबरतात, पण याचं तर्कशास्त्र सरळ आहे. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात एक पंप आहे. तो डझनभर लहान सिलिंडरना तेल पुरवतो. क्रम ठरलेला: काचा खाली, पुढच्या चौकटीची कुलपं उघडणार, छताची मागची कमान उचलली जाणार, मागचं पत्र्याचं झाकण उघडणार, छत घडी होऊन आत, झाकण बंद, कुलूप. प्रत्येक पायरी संपल्याची खबर एक छोटा लिमिट स्विच देतो. खबर आली नाही तर कंप्युटर पुढची पायरी सुरूच करत नाही, आणि बटणावरचा लाल दिवा लुकलुकतो. म्हणजे छत 'अर्ध्यावर' नेमकं कुठे थांबतं ते बघा. झाकण उघडत नसेल तर दोष झाकणात असेलच असं नाही, कमान पूर्ण उचलली गेल्याची खबर पोचली नसेल.

तपासायचा क्रम असा ठेवा. बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, आणि छत चालवताना इंजिन चालू ठेवा. व्होल्टेज पडलं की पंप दमतो आणि माणूस उगाच स्विच शोधत बसतो. डिकीचं दार नीट बंद आहे का बघा. ते उघडं असेल तर छत हलतच नाही, आणि या एका कारणासाठी लोकांनी गॅरेजची बिलं भरली आहेत. मग पंपाच्या टाकीतलं तेल. ते कमी असेल तर कुठेतरी गेलंय.

ते कुठे गेलं हे शोधायला पुढच्या काचेच्या वरची कुलपं बघा. सन व्हायजरवर किंवा त्यामागच्या कापडावर पिवळट, तेलकट डाग दिसले तर पुढच्या कुलपाचे सिलिंडर गळतायत. पुढची पायरी म्हणजे ड्रायव्हरच्या मांडीवर थेंब. मागच्या सिलिंडरांची गळती डिकीच्या गालिच्यात मुरते. या सिलिंडरमधली सीलं वयानं मऊ होऊन अक्षरशः गुळाच्या पाकासारखी चिकट होतात. सगळी एकाच वयाची असतात, त्यामुळे एक बदलून भागत नाही. दोन दिवसांनी शेजारचा गळतो. संपूर्ण संच काढून, आधुनिक सीलं घालून देणाऱ्यांकडे एकदाच पाठवणं स्वस्त पडतं. नवे सिलिंडर घेणं पैशाची नासाडी आहे.

काढताना दोन पथ्यं. प्रत्येक नळीला आणि सिलिंडरला जोडीनं एकच नंबर द्या, कारण सिलिंडरच्या दोन टोकांच्या नळ्या उलट लागल्या तर पत्रा वाकतो. आणि पत्र्याचं झाकण किंवा छत उभं असताना त्याखाली लाकडी ठोकळा दिल्याशिवाय हात घालू नका. नळी सोडली की दाब जातो आणि ते खाली येतं. बसवल्यावर मर्सिडीजचं ठरवलेलं खनिज हायड्रॉलिक तेल भरायचं. ब्रेक ऑइल घातलंत तर सगळी नवी सीलं फुगून बाद. हवा काढायला वेगळं काही करावं लागत नाही, छत चार-पाच वेळा पूर्ण उघडबंद करा आणि मध्ये मध्ये टाकी भरत राहा.

कापड स्वतः बदलू नका, असं माझं स्पष्ट मत. ताण एका बाजूला सेंटीमीटरभर चुकला की पुढचं कुलूप बसत नाही. मागची प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर प्लास्टिक पॉलिशनं थोडी सुधारते, तडकली असेल तर नाही. कडक थंडीत छताची घडी घालू नका, तडे तेव्हाच जातात. छताच्या कप्प्यातून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या दर शरद ऋतूत साफ करा. पानं अडकली की पाणी डिकीत उतरतं, आणि मग बॅटरीखालचा पत्रा सडतो. बाकी गंजासाठी जॅक लावायच्या जागा आणि दारांखालच्या प्लास्टिक पट्ट्यांच्या मागे बघा.

गिअरबॉक्सबद्दल एवढंच: तेल आणि फिल्टर बदला, आणि टॉर्क कन्व्हर्टरमधलंही (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या, तेलावर चालणाऱ्या भागातलं) तेल काढा. २७ च्या बॉक्स पान्यानं क्रँक फिरवत राहिलं की खालच्या खिडकीतून कन्व्हर्टरचा बोल्ट समोर येतो. ५ मिमी एलनकी लागते. तो सोडला नाही तर निम्मं जुनं तेल आतच राहतं.

आता तुमची हौस. खाली बसवण्यासाठी स्प्रिंग कापायची गरज नाही. मर्सिडीजनं स्प्रिंगच्या डोक्यावर रबराची गादी दिली आहे आणि ती वेगवेगळ्या जाडीत मिळते. गादीवर एक ते चार गाठी असतात: पुढच्या बाजूला एक गाठ म्हणजे ८ मिमी, मग १३, १८ आणि २३. तीन गाठींची काढून एकीची घातली की १० मिमी जाडी कमी होते, पण स्प्रिंग चाकापेक्षा आत बसलेली असल्यामुळे गाडी त्याहून जास्त खाली येते. परत वर न्यायची तर तीच गादी परत. मात्र पुढची स्प्रिंग खालच्या आर्म आणि बॉडीच्या मध्ये दाबलेली आहे. बाजारातला बाहेरून आकडे अडकवायचा कॉम्प्रेसर इथे लावू नका, आतून बसणारा प्लेटचाच हवा. भाड्यानं मिळतो. ही स्प्रिंग निसटली तर हाडं मोडते. आणि आर्म उतरलेलेच आहेत तर बुश आणि खालचे बॉल जॉइंट बदलून, मग अलाइनमेंट करा.

चाकांचं माप ५ बाय ११२ (११२ मिमीच्या वर्तुळावर पाच बोल्ट), मधलं भोक ६६.६ मिमी, ऑफसेट (चाकाच्या मध्यापासून ते गाडीला टेकतं त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) ३४ मिमीच्या आसपास. मूळ ८ इंच रुंद १६ इंची चाकावर २२५/५५ टायर. १७ इंचीवर २४५/४५ हा माझ्या मते या गाडीचा सगळ्यात चांगला मेळ. १८ इंचीवर पुढे २४५/४० आणि मागे २७५/३५ दिसतात झकास, पण टायरची भिंत बारीक झाली की छप्पर नसलेली बॉडी प्रत्येक खड्ड्याला थरथरते. बाहेरच्या कंपनीचं चाक घेताना बोल्टचं बूड तपासा: मर्सिडीजचा बोल्ट गोल बुडाचा असतो, बरीच बाहेरची चाकं शंकूच्या बुडाची. चुकीची जोडी ११० न्यूटन मीटरला आवळली तरी सुटते.

तुम्ही जर्मनीत आहात म्हणून हे महत्त्वाचं. पहिल्या नोंदणीला ३० वर्षं झाली की एच नंबरप्लेट (जुन्या, जपलेल्या ऐतिहासिक गाड्यांची) मिळू शकते, म्हणजे तुमची गाडी वयात बसते. वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो, आणि शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रात प्रवेश खुला. पण तपासनीस गाडी मूळ किंवा त्या काळात शोभेल अशा अवस्थेत आहे का बघतो. त्या काळातली एएमजीची (मर्सिडीजच्या वेगवान गाड्या बनवणाऱ्या शाखेची) चाकं सहसा चालतात. कालपरवाच्या डिझाइनची २० इंची चाकं, साध्या हेडलॅम्पच्या काचेत घातलेले एलईडी, कापलेला एक्झॉस्ट यावर गाडी नापास होते. प्रत्येक बदलाचा मान्यतेचा कागद जपा आणि जुना भाग विकू नका. रेडिओ बदलतानाही मूळ वायर कापू नका, मध्ये ॲडॅप्टर लावा. आणि हो, ही गाडी पुढे पुण्याला कायमची नेण्याचं मनात असेल तर ते सोडा: डाव्या स्टिअरिंगची, या वयाची वापरलेली गाडी भारतात आयात करता येत नाही.

बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला फोन करून दोन गोष्टी सांगा. एक, हार्डटॉप (वरून बसवायचं कडक, काढता येणारं छत) चढवलेला असेल तर उतरवून ठेवा. तिसेक किलोच्या वरचं वजन आहे, दोघं लागतात, आणि 'आता कुठे काढत बसायचं' म्हणत छत दाखवायचं टाळणं ही जुनी युक्ती आहे. दोन, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, आणि ते पूर्ण थंड झाल्यावर किल्ली स्वतः फिरवा.