बोटीतला म्युझिक डेक गंजला. दुकानदार म्हणतो, ‘तुम्ही ग्राहकच नाही’

प्रश्न : मी मालवणजवळच्या देवबागला राहतो. माझी एक जुनी फायबरची बोट आहे. सीझनमध्ये मी आणि माझा पुतण्या तिच्यातून पर्यटकांना फिरवतो. घरी पाहुणे आले की त्यांनाही खाडीत फेरी मारून आणतो. बोटीतला गाणी लावायचा मूळचा डेक (स्टिरिओ) बंद पडला म्हणून नोव्हेंबरात कोल्हापूरच्या एका दुकानातून नवा डेक आणि दोन स्पीकर ९,४०० रुपयांना घेतले. घेण्याआधी दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर बोटीचा फोटो पाठवून विचारलं होतं, ‘खारं पाणी उडतं, चालेल ना?’ त्याचं उत्तर, ‘मरीन मॉडेल आहे, फुल वॉटरप्रूफ, बिनधास्त बसवा.’ खोक्यावरही तसंच छापलंय. दीड महिन्यात डिस्प्लेच्या आतून धुकं धरलं, जानेवारीत आवाज गेला. काढून पाहिला तर मागचा पत्रा गंजलेला आणि वायरच्या सॉकेटवर हिरवा थर. दुकानदार म्हणतो, पाणी लागलं म्हणून वॉरंटी गेली, बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय आणि बोट धंद्याची असल्यामुळे तुम्हाला ग्राहक कोर्टात जाताच येणार नाही. बिलावर ‘कार स्टिरिओ १ नग, स्पीकर २ नग’ एवढंच आहे. पैसे परत मिळतील का? आणि आता याच बजेटमध्ये दुसरा घेताना काय बघू?

उत्तर : दुकानदाराच्या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो खरा असेल तर बाकीच्या चर्चेला अर्थच उरत नाही. तो खरा नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मध्ये ‘ग्राहक’ कोण ते सांगितलं आहे. व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही, हे त्या कलमात आहे खरं. पण त्याच्याच खाली स्पष्टीकरण आहे : स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यापारी कारणा’त धरायची नाही. १९८६ च्या जुन्या कायद्यातही हीच सवलत होती आणि तिचा अर्थ सुप्रीम कोर्टाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात उलगडून सांगितला. स्वतः चालवायला रिक्षा घेणारा माणूस ग्राहकच, आणि हाताखाली मदतीला एक-दोन माणसं असली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही, असं कोर्टाने म्हटलं. तुमचा पुतण्या तुमच्यासोबत बोटीवर असतो, तो याच मदतीत येतो. पाहुण्यांना फेरी मारून आणण्याचा तर धंद्याशी संबंधच नाही.

मात्र हे सगळं तक्रारीत स्पष्ट लिहावं लागतं. बोट मी स्वतः चालवतो, माझं कुटुंब याच उत्पन्नावर चालतं आणि डेक त्याच बोटीसाठी घेतला, ही वाक्यं तक्रारीत नसली की समोरचा वकील पहिल्याच तारखेला नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवतो. सोबत बोटीच्या तुमच्या नावच्या परवान्याची प्रत जोडा. एक गोष्ट आधी तपासा : बिल तुमच्या नावावर आहे की एखाद्या ‘वॉटर स्पोर्ट्स’च्या नावाने, जीएसटी नंबर टाकून घेतलेलं आहे? दुसरा प्रकार असेल तर मुद्दा अवघड होतो, अशक्य होत नाही.

आता मूळ वादाकडे. तुमच्या हातातली सगळ्यात भारी वस्तू म्हणजे तो व्हॉट्सअ‍ॅपचा संवाद. वस्तू-विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ प्रमाणे, खरेदीदाराने वस्तू कशासाठी हवी आहे ते विक्रेत्याला सांगितलं आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असेल ही अट व्यवहारात आपोआप धरली जाते. तुम्ही नुसतं सांगितलं नाही, बोटीचा फोटोही पाठवलात आणि खाऱ्या पाण्याचं नाव घेऊन विचारलंत. या कलमाला एक अपवाद आहे. खरेदीदाराने ठरावीक ब्रँडचं नाव घेऊन तोच माल मागितला असेल तर ही अट लागू होत नाही. तुम्ही ब्रँड मागितला नव्हता, निवड त्याची होती. त्यामुळे बिलावर ‘कार स्टिरिओ’ लिहिलंय याने तुम्ही घाबरून जाऊ नका. उलट मरीन म्हणून विकून बिलावर कार लिहिणं हे त्याच्याच विरोधात जाईल.

‘विकलेला माल परत नाही’ ही छापील ओळ सदोष मालाला संरक्षण देत नाही. बिलात मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. तुम्ही दीड महिन्यानंतर कळवलंत म्हणून नेमकी ही तरतूद तुमच्या कामाची नाही. पण दोषाबद्दलची तक्रार आणि खोट्या वर्णनाबद्दलची तक्रार या दोन्ही शाबूत आहेत. शिवाय त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसं कोणी बघत नाही : पुरेशी चाचणी न करता वस्तूच्या क्षमतेची जाहीर हमी देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे आणि ‘चाचणी केली होती’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी हमी देणाऱ्याची आहे. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ छापलंय ना? मग आता चाचणीचा कागद त्यांनी दाखवायचा.

‘पाणी लागलं म्हणून वॉरंटी गेली’ या उत्तराचा मला मनापासून राग येतो, कारण किनारपट्टीवरच्या कितीतरी लोकांना हेच ऐकवून परत पाठवलं जातं. पाण्याला टिकतो म्हणून विकायचा आणि पाणी लागलं म्हणून नाकारायचा, हे ग्राहक आयोगापुढे, म्हणजे ग्राहक कोर्टापुढे, टिकेल असं मला वाटत नाही. पण तुमची बाजू कुठे लंगडी पडू शकते तेही सांगतो. खोक्यावर ‘आयपी’ आणि पुढे दोन आकडे किंवा ‘एक्स’ आणि एक आकडा असेल तो नीट वाचा. पहिला आकडा धुळीपासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला तोंड देणारा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. या चाचण्या गोड्या पाण्यात होतात. मिठाने गंजण्याशी त्यांचा संबंध नाही, त्यासाठी मिठाच्या फवाऱ्याची वेगळी चाचणी असते. दुसरं असं, की स्वस्त मॉडेलमध्ये बऱ्याचदा हे रेटिंग फक्त दर्शनी भागाचं असतं, मागचा पत्रा, सॉकेट, जोडण्या उघड्याच. खोक्यावर बारीक अक्षरात ‘फ्रंट पॅनल’ असं छापलेलं सापडलं तर कंपनी त्याच्यामागे लपेल. तरीही दुकानदाराने तुम्हाला लिहिलेला ‘फुल’ हा शब्द त्याच्या गळ्यात राहतोच.

डेक पुन्हा उघडू नका, पुसू नका, कोणाकडे ‘बघून दे’ म्हणून देऊ नका. गंजलेल्या मागच्या बाजूचे, सॉकेटचे, सिरियल नंबरचे आणि बसवलेल्या जागेचे फोटो काढून डेक आहे तसा खोक्यात ठेवा. ज्याने वायरिंग केलं त्याच्याकडून फ्यूज कितीचा टाकला आणि बोट १२ व्होल्टचीच आहे ना, एवढं लिहून घ्या. ‘फिटिंग चुकलं’ हा बचाव येणारच. एखाद्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचं लेखी मत शपथपत्रावर मिळालं तर उत्तम. आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण ज्या दोषाचं निदान तपासणीशिवाय होत नाही त्यासाठीच, आणि तिची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगतात. गंज डोळ्यांना दिसतो, त्यामुळे ती वेळ येऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपचा संवाद फोनमधून पुसू नका, फोनही विकू नका. छापील प्रतीबरोबर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडायचं.

आधी नोटीस. स्पीड पोस्टाने, दुकानदाराला आणि खोक्यावर ज्याचं नाव-पत्ता आहे त्या उत्पादकाला किंवा आयातदाराला. खोक्यावर आयातदाराचं नाव, मूळ देश, एमआरपी यातलं काहीच नसेल तर ती वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापं आणि पाकिटावरच्या माहितीच्या, नियमांची वेगळी चूक आहे, तेही नोटिशीत लिहा. ९,४०० रुपये परत आणि फिटिंगची मजुरी एवढंच मागा, पंधरा दिवसांची मुदत द्या. बरोबरीने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवा. लहान रकमेचे वाद पुष्कळदा तिथेच मिटतात.

नाही मिटलं तर तक्रार सिंधुदुर्गच्या जिल्हा आयोगात करा, म्हणजे ओरोसला. कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे दावा लावता येतो, ही २०१९ च्या कायद्यातली सगळ्यात मोठी सोय आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही भरता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य, वकील लावायची सक्ती नाही, मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, याची तयारी ठेवा. मानसिक त्रासापोटी लाखभर मागा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. रक्कम फुगवली की समोरचा तडजोड करायचं सोडून देतो.

आता नवा डेक. ज्या प्रश्नांवर तुमचा वाद उभा आहे, तेच प्रश्न खरेदीच्या वेळी विचारायचे. रेटिंग पूर्ण सेटचं की दर्शनी भागाचं? आतल्या सर्किटवर संरक्षक लेप आहे का? मिठाच्या फवाऱ्याची चाचणी झाली आहे का? तीनपैकी एकाचंही उत्तर मिळालं नाही तर ‘मरीन’ या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. मग त्यापेक्षा साधा, सीडी नसलेला, ब्लूटूथचा कार डेक घेऊन तो केबिनमधल्या किंवा सीटखालच्या कोरड्या, बंद कप्प्यात बसवणं आणि पैसा चांगल्या मरीन स्पीकरवर घालणं शहाणपणाचं; पाण्याचा मारा खरा त्यांच्यावरच होतो. डेक लपवला की गाणी फोनवरून लावता येतातच. जुन्या बोटीतला कट-आउट बहुधा एक-डिनचा, म्हणजे साधारण १८२ बाय ५३ मिलिमीटरचा असतो. तो मोजा आणि मागे खोली किती आहे तीही मोजा. फायबर पुन्हा कापायला लागलं की स्वस्त डेक महाग पडतो. वायर कलई केलेल्या तांब्याची घ्या.

कोणताही घ्या, बिलावर मॉडेल नंबर आणि ‘बोटीत, खाऱ्या हवेत वापरासाठी’ हे शब्द लिहून घ्या. दुकानदार लिहायला कचरला तर तुम्हाला उत्तर मिळालं. ऑनलाइन घेतलात तर उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, नंतर ते वर्णन बदलतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही आणि तक्रारीची पोच ४८ तासांत मिळायला हवी.

आणखी एक बाब तुम्ही विचारली नाहीत, पण मला ती डेकच्या पैशांपेक्षा महत्त्वाची वाटते. डेकची पिवळी वायर थेट बॅटरीवर असते आणि डेक बंद असतानाही थोडा करंट ओढत राहते. तीच बॅटरी इंजिन चालू करायला असेल आणि कर्ली नदीच्या मुखाशी, भरती-ओहोटीच्या ओढीत पर्यटक बसलेले असताना सेल्फ लागला नाही, तर तिथे ग्राहक ते असतात आणि सेवा देणारे तुम्ही. डेकला वेगळी छोटी बॅटरी द्या, निदान मधे एक स्विच टाका. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, तेव्हा होकायंत्र असेल तर स्पीकर त्याच्यापासून लांब बसवा.

पर्यटकांसमोर गाणी लावणं हे कायद्याच्या नजरेत घरात ऐकण्यासारखं नाही; फोनवरच्या अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन तुमच्या खासगी ऐकण्यापुरतं असतं, तेव्हा हक्कधारकांच्या परवान्याची चौकशी करून ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर बंदी आहे, ती खाडीतही आहे.

नोटीस गेल्यावर दुकानदार बहुधा दुसरा डेक देऊ करेल. तोच मॉडेल असेल तर घेऊ नका, पैसेच मागा. वेगळा देत असेल तर नवं बिल, नव्या तारखेपासून वॉरंटी आणि वर सांगितलेले शब्द त्या बिलावर, असं सगळं हातात आल्यावरच जुना डेक त्याच्या ताब्यात द्या. तोपर्यंत ‘कंपनीकडे पाठवतो, ठेवून जा’ म्हणाला तरी डेक सोडू नका. द्यावाच लागला तर सिरियल नंबर लिहिलेली सही-शिक्क्याची पोच घेऊन मगच द्या.