आजीबद्दल लिहायला बसताना

आजीच्या वर्षश्राद्धाला चार पानं लिहायची म्हणताय, जरूर लिहा. फक्त 'कष्टाळू, प्रेमळ, सोशिक' अशी सुरुवात नको. नवखे सगळे तिथेच अडकतात, आणि ही विशेषणं कुठल्याही आजीला बसतात. तिचं काम लिहा: पाणी कुठून आणायची, मजुरीचे पैसे कोणाच्या हातात जायचे.

तारखा सापडत नाहीत म्हणून थांबू नका. जन्मसाल विचारलंत तर मावशी गप्प बसेल. त्याऐवजी विचारा, 1972च्या दुष्काळात आजी खडी फोडायला गेली होती का? सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचे ते कोरडं पौष्टिक खाणं, मिळायची का? मिलोची, म्हणजे तेव्हा परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी घशाखाली उतरायची का? सातारा-सांगलीकडचे असाल तर कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967. तेव्हा तिच्या कडेवर कोण होतं? एवढ्यावरून बरंचसं आयुष्य सालवार लागतं.

आणखी दोन गोष्टी:
- मावशी, आत्या, शेजारीण यांना वेगवेगळं गाठा. एकत्र बसल्या की थोरलीचंच खरं ठरतं!
- बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. ओवी आठवली तर पुरी म्हणू द्या.

तिचा राग, हट्टही गाळू नका. वंशावळ, सातबारा वगैरे नंतर बघू. आधी एकच पान लिहून मावशीला वाचून दाखवा, चुका ती काढेलच.