दगड झालेलं हाड घरात सांभाळताना

मुलाच्या वाढदिवसाला मोरोक्कोचा स्पायनोसॉरसचा दात द्यायचा आहे. ऑनलाइन घेताना खरा-खोटा कसा ओळखायचा? (डोंबिवली)

अस्सल दात मिळू शकतो. डायनासोरचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत, म्हणून मोरोक्कोच्या केम केम थरांत ते भरपूर सापडतात. लबाडी होते ती जोडकामात. दोन-तीन दातांचे तुकडे जुळवून, फटीत वाळू आणि गोंद भरून एक लांबलचक दात उभा करतात. मुळासकट दात दिसला तर आधी शंका घ्या, कारण आपोआप पडलेल्या दाताचं मूळ पडण्यापूर्वीच झिजून गेलेलं असतं.

१०x भिंगाखाली बघा. स्पायनोसॉरसच्या दातावर बारीक उभ्या रेघा असतात आणि कडेला करवतीसारखे दाते नसतात. रेघा मध्येच थांबून वाळूचा पट्टा लागला, त्यात बुडबुड्यांची गोल भोकं दिसली, की तो सांधा समजा. शंकास्पद जागी ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस टेकवा. खरा वालुकाश्म तसाच राहतो, गोंदाची वाळू बहुधा चिकट होते. काही गोंदांवर ॲसिटोन चालत नाही, म्हणून अंधारात अतिनील टॉर्चही मारून बघा. गोंद बहुतेक वेळा हाडापेक्षा वेगळा चमकतो.

आमचा सल्ला विचाराल तर १० सेंटिमीटरच्या जोडलेल्या दातापेक्षा ३ सेंटिमीटरचा, टोक झिजलेला अखंड दात घ्या. ती झीज त्या प्राण्याच्या चावण्याची आहे! पावती आणि निर्यातीचा परवाना मागायला संकोच करू नका. मंगोलियातून जीवाश्म बाहेर नेणं बेकायदा आहे. तिथून चोरून नेलेला टार्बोसॉरस या मांसाहारी डायनासोरचा सांगाडा अमेरिकेने २०१३ साली परत केला.

आम्ही कोलोरॅडोत राहतो. डोंगरात फिरताना हाडांचे तुकडे दिसतात. उचलले तर चालतात का? (डेन्व्हर)

जमीन कोणाची आहे ते आधी बघा. केंद्र सरकारच्या जमिनीवर पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचं हाड, अगदी नखाएवढं असलं तरी, परवान्याशिवाय उचलता येत नाही. २००९ च्या कायद्यात हे स्पष्ट आहे. खासगी रानात मालकाची परवानगी लेखी घ्या. तुमच्याकडच्या मॉरिसन या डायनासोरकाळातल्या खडकथरांतल्या काही हाडांत युरेनियम मुरलेलं असतं. अशी हाडं झोपायच्या खोलीत ठेवू नका, हाताळल्यावर हात धुवा आणि ती कोरडी कधीच घासू नका, कारण ती धूळ फुप्फुसात जाते.

सुट्टीत गावी आलात तरी हात आवरा. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिजदुऱ्याला टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची हाडं आणि अश्मीभूत विष्ठा सापडते. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाले आणि डायनासोरांच्या काळी गवत होतं, हे २००५ साली जगापुढे आलं. तो गोळा कुणी खिशात घालून नेला असता तर? शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, जीपीएस टिपा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.

विकत घेतलेल्या मणक्याचा चुरा पडतोय. सुतारकामाचा पांढरा गोंद लावू का? (ठाणे)

नको. त्यातल्या पाण्याने हाडात अडकलेली माती फुगते, हाड तडकतं, आणि वाळलेला गोंद पुढे नीट काढता येत नाही. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक रेझिन वापरतात. त्याचे दाणे ॲसिटोनमध्ये विरघळतात आणि लावलेला थर कितीही वर्षांनी ॲसिटोननेच काढता येतो.

१०० मिलिलिटर ॲसिटोनला ५ ग्रॅम दाणे घ्या. ते सैल तळाशी टाकले तर एकमेकांना चिकटून गोळा होतो. म्हणून मलमलच्या पुरचुंडीत बांधून काचेच्या बरणीत वरून लोंबते ठेवा आणि झाकण लावा. रात्रभरात विरघळतात. थर्माकोलचा किंवा पातळ प्लास्टिकचा पेला घेऊ नका, ॲसिटोन तो वितळवतं. खिडक्या उघड्या आणि गॅस बंद हवा.

हाड पूर्ण कोरडं असू द्या. मऊ ब्रशने धूळ काढा, मग ड्रॉपरने थेंब थेंब सोडा. थेंब आत जाणं थांबलं की तुम्हीही थांबा. वर चकाकी आली तर ॲसिटोनच्या कापसाने पुसा. पावसाळ्यात हे काम काढू नका. ॲसिटोन भराभर उडून पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पांढरट धुकं धरतं.

तुकडे सांधायला तेवढ्याच ॲसिटोनमध्ये ५० ग्रॅमपर्यंत दाणे घालून मधासारखं दाट करा. त्याआधी दोन्ही बाजूंना पातळ द्रावणाचा हात द्या, नाहीतर हाड गोंद पिऊन टाकतं आणि सांधा कोरडा राहून सुटतो. जोडलेला तुकडा वाळूच्या तबकात खोचून दोन दिवस उभा ठेवा.

काचेच्या पेटीत ठेवलेल्या हाडावर पिवळट पांढरी भुकटी येतेय. (रत्नागिरी)

गंधकासारखा वास येतो का? येत असेल तर आत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज आहे. दमट हवेत त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि हाड आतून फुटतं. पाण्याने धुऊ नका. कोरड्या ब्रशने भुकटी काढा, नमुना बाकीच्यांपासून वेगळा करा आणि हवाबंद डब्यात आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवा. ३०×३०×४० सेंटिमीटरच्या पेटीला साधारण ७०० ग्रॅम सिलिका जेल लागतं. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा, म्हणजे जेल कधी बदलायचं ते कळेल. खाली लाकूड किंवा एमडीएफ नको, त्यातून आम्लाची वाफ सुटते. पॉलिइथिलिनचा फोम कापून बैठक करा.

नमुना वेगळा काढलाच आहे, तर त्याला क्रमांकही द्या. न दिसणाऱ्या बाजूला पॅरालॉइडची नखाएवढी पट्टी ओढा. ती वाळल्यावर बारीक पेनाने क्रमांक लिहा. वहीत त्याच क्रमांकापुढे ठिकाण, थराचं नाव, वय, विक्रेता आणि तारीख लिहून पावती डकवा. विक्रेत्याची चिठ्ठी मळकी असली तरी फेकू नका.