सिग्नल 'पडला', आता थांबायचं की निघायचं?

प्रश्न : माझं माहेर सावंतवाडीकडचं, सासर नागपूरचं. गाडी नवरा चालवतो, रस्ता मी सांगते. मी "तिठ्यावर डावीकडे वळ" म्हटलं की तो विचारतो, तिठा म्हणजे काय? तो "समोर जा" म्हणतो तेव्हा मला समोर भिंत दिसते. परवा "सिग्नल पडला" म्हणजे लाल की हिरवा, यावरून भर चौकात भांडण झालं. त्यात जोहान्सबर्गला राहणारी लेक फोनवर सांगते, "रोबोटपाशी लेफ्ट घेतला." आमच्यात बरोबर कोण?

उत्तर : ताई, भांडण मिटवायला मी फारशी लायक नाही, कारण याच शब्दाने मी एकदा बसखाली जाता जाता वाचले आहे.

माझे वडील रेल्वेत होते. आमचं क्वार्टर फलाटाला लागूनच. रुळांशेजारी उंच खांब आणि खांबाला लाल रंगाचा लाकडी हात. हात आडवा असेल तर गाडीने थांबायचं, खाली पडला की वाट मोकळी. त्यामुळे घरात कुणी "सिग्नल पडला" म्हटलं की चपला शोधायच्या, गाडी आली. आई भाकरीचा तवासुद्धा त्या हाताकडे बघून उतरवायची. पुढे पुण्यात स्कूटर शिकले. मागे बसलेली मैत्रीण ओरडली, "अगं पडला, पडला!" आणि मी सुटलेच. तिच्या लेखी लाल पडला होता.

रस्त्यावर पडायला हात उरला नाही, क्रियापद तेवढं उरलं. त्यामुळे लालही पडतो आणि हिरवाही पडतो. 'लागला'चंही तसंच. "सिग्नल लागला" म्हणजे तांबडा आडवा आला, पण "पुढे दोन सिग्नल लागतील" यात रंगाचा काही संबंध नाही, घाट लागतो तसे ते वाटेत लागतात. गोंधळ नसलेला एकच शब्द आहे, 'सुटला'. शाळा सुटते, गाडी सुटते, तसा सिग्नल सुटतो. गाडीत तेवढा वापरा.

हा रेल्वेचा वारसा एकट्या मराठीचा नाही. रस्त्यावरचा पहिला सिग्नल १८६८च्या डिसेंबरात लंडनमध्ये पार्लमेंटजवळ उभा राहिला. तो सुचवणारे जॉन पीक नाइट हे रेल्वेचेच माणूस. त्याला दिवसा रेल्वेसारखे हात, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे. महिनाभरातच गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस भाजला, आणि पुढे तो खांबच काढून टाकला. स्पॅनिश आणि इटालियन माणूस आजही सिग्नलला 'सेमाफोरो' म्हणतो. ते त्या हातवाल्या खांबाचंच नाव.

तुमच्या लेकीचा रोबोट थट्टेतला नाही. दक्षिण आफ्रिकेत सिग्नलला सर्रास रोबोट म्हणतात, तशा पाट्याही असतात. चौकात हात हलवणाऱ्या पोलिसाच्या जागी यंत्र आलं, म्हणून तो यांत्रिक पोलीस. हा शब्द १९२०च्या एका चेक नाटकातून जगभर गेला. बाकीच्यांनी तो माणसासारख्या यंत्रासाठी ठेवला, तिथे तो खांबालाही चिकटून राहिला. मला तर आवडतो.

आता तिठा. तीन वाटा मिळतात तो तिठा. कोकणात आणि गोव्यात तो रोजच्या बोलण्यात आहे, म्हणून यजमानांना तो ठाऊक नसला तरी शब्द अगदी खणखणीत आहे. कोल्हापुरात त्याचीच बहीण तिकटी (पापाची तिकटी पाहिली असेल). ठाण्यात तर 'तीन हात नाका' आहे. म्हणजे रेल्वेच्या खांबाला हात, तसे रस्त्यालाही हात! नाका मुळात जकातीचा किंवा पहाऱ्याचा. मुंबई-ठाण्यात जकात गेली तरी नाका राहिला. जळगावात अजिंठा चौफुली, पुण्या-नागपुरात चौक. आणि चव्हाटा आपण रस्त्यावरून उचलून भांडणांना देऊन टाकला. पत्ता सांगताना तो आता कुणी वापरत नाही, फक्त घरातल्या गोष्टी तिथे आणतात.

'समोर'च्या बाबतीत मात्र तुम्हालाच जुळवून घ्यावं लागेल. नागपूरचा कंडक्टर "समोर सरका" म्हणतो तेव्हा तो पुण्याच्या कंडक्टरचं "पुढे सरका"च म्हणत असतो. विदर्भात समोर म्हणजे पुढे. तुमची भिंत त्यांना दिसतच नाही.

वळण्याचं म्हणाल तर 'वळ' हा गुरं वळण्यातलाही शब्द, तोंडात बसलेला. हल्ली त्याच्या जागी 'मारणं' आलं आहे. लेफ्ट मार, यू-टर्न मार, कट मार. मोठ्यांना सांगताना तेच "लेफ्ट घ्या" होतं, हे तुम्ही कधी ऐकलंत का? सासऱ्यांना कुणी "लेफ्ट मारा" म्हणणार नाही. सर्कलसाठी माझी एक जुनी हौस आहे. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे सर्कल कायम आपल्या उजव्या हाताला राहतं. देवळात प्रदक्षिणा घालताना देव राहतो तसं. त्याला मराठीत 'उजवी घालणं' म्हणतात. "सर्कलला उजवी घालून पलीकडे" असं मी रिक्षावाल्याला एकदा सांगून पाहिलं. त्याने आरशात बघितलं आणि विचारलं, "राइट मारायचाय का?"

प्रश्न : मधल्या दिव्याला पिवळा म्हणावं, केशरी म्हणावं की नारिंगी? नातू रोज दुरुस्त करतो.

उत्तर : पिवळा म्हणा. दिवा बघितला तर नातवाचं खरं वाटेल, पण कानाला पिवळाच ओळखीचा आहे. जपानी लोक हिरव्या दिव्याला 'आओ' म्हणजे निळा म्हणतात आणि वेळेवर निघतात. नातवाला एवढंच विचारा, पिवळा लागल्यावर तो वेग कमी करतो की वाढवतो?