मेंदीला व्हिसा, मलिद्याला नाही

प्रिय ताई,

मी २९ वर्षांची, ठाण्यात वाढले, आता पुण्यात नोकरी करते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझा होणारा नवरा लंडनचा, अश्कनाझी, म्हणजे युरोपीय वंशाचा ज्यू. त्याची पणजी प्रागची, म्हणून लग्न प्रागला करायचं ठरलंय. जूनचा शेवटचा रविवार, दोन्हीकडची मिळून सत्तर माणसं. शुक्रवारी सगळे मिळून पिंकास सिनेगॉगमध्ये जाणार आहोत. तिथे भिंतीवर नाझींनी मारलेल्या ज्यूंची नावं लिहिली आहेत, त्यात त्याच्या पणजीच्या भावाचं नाव आहे. सासूबाई गेल्या वर्षी ते नाव शोधून आल्या, आम्हाला फोटो पाठवला, सगळे रडलो. शनिवारी रात्री नदीवर बोट ठरवली आहे, तिथेच मेंदी. तिकडच्यांना मेंदी फार आवडते. सासूबाईंनी विचारलं होतं, तुमच्याकडे अजून काही वेगळं असतं का, पण कोण समजावत बसणार, म्हणून मलिदा आम्ही निघायच्या आधी एखाद्या मंगळवारी ठाण्यात उरकून घेऊ.

प्रश्न आईचा आहे. व्हिसाचा फॉर्म महिनाभर टेबलावर पडलाय, सही करत नाही. कधी म्हणते गुडघे, कधी म्हणते तिकडची थंडी सोसणार नाही. बाबा म्हणतात, येईल गं. मला वाटतं ती मुद्दाम अडवणूक करतेय. होणारा नवरा बिचारा इतका समजूतदार आहे, म्हणतो तुझ्या आईला हवं ते कर. पण तिला काय हवंय हे ती सांगतच नाही. तिला कसं समजावू?

– वैतागलेली नवरी

*

अगं वैतागलेल्या नवरी,

जूनच्या शेवटी प्रागला कसली आलीय थंडी? दुपारी तेवीस-चोवीस अंश असतात. माथेरानला याहून जास्त हुडहुडी भरते. तुझ्या आईच्या फोनवर हवामान दिसतं, तिला हे ठाऊक आहे. थंडी हे कारण नाही एवढं तुलाही कळलंय, नाहीतर तू मला लिहिलं नसतंस, तिला एक स्वेटर घेऊन दिला असतास.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. भिंतीवरच्या नावाला ओळींमागून ओळी. बोट, मेंदी, माणसांचा आकडा, सगळं आलं. आणि मधेच एका वाक्याच्या शेपटाला बांधलेला मलिदा. ‘उरकून घेऊ.’

‘उरकून’ आपण काय घेतो? बँकेचं केवायसी. दाताच्या डॉक्टरची फेरी. गाडीची पीयूसी.

मी बेने इस्राएल नाही, पण अलिबागला इस्राएल आळीला लागूनच आमचं घर होतं, त्यामुळे मलिदा मी आयता पुष्कळ खाल्ला आहे. ज्या वाचकांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पोहे धुवून निथळत ठेवायचे, त्यात साखर, खवलेला नारळ, वेलची, जायफळ. परातीत त्याचा ढीग करायचा, भोवती फळं मांडायची, खजूर, केळी, सफरचंद जे असेल ते, आणि वर सब्जाची डहाळी किंवा गुलाब. मग एलियाहू हानबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची स्तुती म्हणायची. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, वासाचाही वेगळा. केळं जमिनीच्या फळांत धरतात, हे मला आठव्या वर्षी शेजारच्या काकूंनी हातावर चापट मारून शिकवलं, कारण मी आधी तेच उचललं होतं. घर घेतलं, नवस फेडला, लग्न ठरलं, की मलिदा. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत असं तुमची माणसं सांगतात. तू लहानपणी तिथे गेली असशील. कोणी नेलं होतं गं?

परात काढणं, पोहे निवडणं, जायफळ किती ते सांगणं, हे तुमच्या घरी कोण करतं? मला उत्तर लिहू नकोस, मला माहीत आहे.

तर हिशोब असा आहे. नवऱ्याच्या घरचा गेलेला माणूस शुक्रवारी लग्नाला असणार, आणि असायलाच हवा. पिंकासच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोरावियातली सुमारे ७८ हजार नावं आहेत, त्यातलं आपलं एक बोट ठेवून दाखवायचं आणि मग दोन दिवसांनी हुप्पाखाली, म्हणजे लग्नाच्या छताखाली उभं राहायचं, याहून चांगलं काही त्या घराला सुचलं नसतं. तुझ्या घरातून काय निघालं? मेंदी. कारण ती फोटोत छान येते. मेंदीला व्हिसा मिळाला, मलिद्याला नाही. आणि मलिदा ज्या बाईचा, तिने आता फॉर्मवर सही करायची. कशाला? सत्तरातली एक म्हणून बोटीत बसायला?

ती सांगत नाही म्हणतेस. अगं, तिने काय सांगायचं? ‘माझे पोहे तुझ्या सासूला दाखव’ असं कुठल्या आईच्या तोंडून निघतं? त्यापेक्षा गुडघे बरे.

‘कोण समजावत बसणार’ हे तर मला फारच झोंबलं. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बीखात्याने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या खात्याने, हुकूम काढला की बेने इस्राएल माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावण्याआधी त्याच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करायची, आजी, पणजी, जमेल तितकं मागे. तुझ्या आजीच्या वयाची माणसं, कोकणातून गेलेली, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणं धरून बसली. तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठरवून सांगितलं की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. त्यांना सरकारला समजवावं लागलं. तुला सासूबाईंच्या एका मेसेजला उत्तर द्यायचं होतं. आणि त्यांनी चौकशी लावली नव्हती, आवडीने विचारलं होतं. या सगळ्या प्रकरणात त्या एकट्याच नीट वागल्या आहेत असं माझं मत झालंय.

शिवाय समजावण्यासारखं त्यात आहे तरी काय? एलियाहू त्यांचा कोणी परका आहे का? लंडनच्या त्या घरात वल्हांडणाच्या (पासओव्हरच्या) रात्री त्याच्यासाठी द्राक्षारसाचा पेला भरून ठेवत असतील. मुलाच्या सुंतेला त्याच्या नावाची खुर्ची असते. आणि शनिवारी रात्री शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस उतरला, मेणबत्ती विझवली, की जगभरचे ज्यू म्हणतात ते गाणं कोणाचं? एलियाहूचंच. त्यांच्याकडे चाल वेगळी, तुमच्याकडे वेगळी. तुमच्याकडे जास्तीची आहे ती एक परात. सत्तर पाहुण्यांतल्या लंडनच्या पस्तिसांना त्या रात्री काही समजवावं लागणार नाही, ते तुमच्याबरोबर गायला लागतील आणि मग खायला मागतील.

तेव्हा बोट रद्द कर.

मी गंमत करत नाही. शनिवारी रात्रीची ती बोट सोड. एक तर जूनच्या शेवटी प्रागला सूर्य सव्वानऊला मावळतो, शब्बाथ उतरून तुम्ही नदीवर पोचेपर्यंत अकरा वाजतील, आणि म्हातारी माणसं तोवर पेंगलेली असतील. उतरलात तिथेच एखादी मोठी खोली घ्या. तारे दिसले की गाणं, मग मलिदा, मग मेंदी. आईच्या हातची परात. तुमच्याकडे नवरी आत येताना नवरदेव स्वतः गातो, ते गाणं त्याला अजून सांगितलंही नसशील. त्या खोलीत बसवून घ्या तालीम, तुझ्या मामांना येत असेल.

सामान काय न्यायचं याची काळजी तुला असेल, कारण तू याद्या करणारी दिसतेस. पोहे पिशवीत घाल, वेलची-जायफळ डबीत. युरोपात बाहेरून फळं न्यायला वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, पण पाच फळांना त्यातून सूट आहे: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन नावाचं एक भयंकर वासाचं फळ. पाचांतली तीन थेट मलिद्याची! युरोपियन कारकुनांच्या स्वप्नात एलियाहू आला असावा. तरी नारळ तिथेच घ्या, विमानवाले नारळावरून कटकट करतात. सब्जा नेऊ नका, नेताही येणार नाही. तिकडे बेसिल म्हणून कुंडीत विकतात ना, ते झाड सब्जाचंच भाऊबंद. एक मात्र विचारून ठेव: रविवारच्या जेवणाचं कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारं स्वयंपाकघर ज्यांच्या देखरेखीखाली आहे ते घरचं काही आत येऊ देणार नाहीत. म्हणूनच शनिवार, म्हणूनच वेगळी खोली.

तारीख चांगली काढलीस, पुढे ज्यू पंचांगातल्या तम्मुझ महिन्यापासूनचे शोकाचे आठवडे लागतात आणि मग रब्बी लग्न लावायला तयार होत नाहीत. प्रागच्या ‘जुनं-नवं’ नावाच्या सिनेगॉगचा विचार असेल तर एक सांगते. १२७० च्या सुमाराची वास्तू, आजही तिथे प्रार्थना चालते, बघून मान आपोआप खाली जाते. पण तिथे प्रार्थनेला बायका मुख्य दालनात नसतात, बाजूच्या खोल्यांत बसतात आणि जाड भिंतीतल्या अरुंद फटींतून आतलं बघतात. लग्नाच्या वेळी आया कुठे उभ्या राहणार हे भाडं विचारायच्या आधी विचार. तुझ्या आईने आत्तापर्यंत पुरेसं फटीतून बघितलंय.

कायद्याची नोंदणी इथे भारतातच करून टाका, विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लागते. ही खुशाल उरक.

तुझा तो समजूतदार मुलगा. ‘तुझ्या आईला हवं ते कर’ म्हणतो. म्हणजे कर तू. हवंय काय, हे शोधून काढ तू. त्याने आजवर तुझ्या आईला एकदा तरी स्वतः फोन करून विचारलंय का, की काकू, तुमच्याकडे लग्नाआधी काय करतात? त्याच्या आईने विचारलं, त्याने नाही. तो वाईट नाही, पण त्याला बिचारा म्हणायचं कारण मला दिसत नाही.

आणि आता तुझ्या याद्यांत नसलेली एक गोष्ट. लग्न लावणारे रब्बी तुझ्या ज्यू असण्याचा पुरावा मागतील. बहुतेक वेळा आईवडिलांची केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा मागतात. ती ठाण्याच्या शआर हाशमाइममध्ये वाचली गेली असेल किंवा मुंबईच्या एखाद्या मशिदीत (हो, तुमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची, मी तोच शब्द ऐकत वाढले). ती केतुबा आत्ता कुठे आहे? गोदरेजच्या कपाटात, लॉकरच्या आतल्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि किल्ली तिच्या उशाशी. ज्या बाईला तू अडवणूक करणारी म्हणतेस, तिच्या कपाटातल्या कागदावर तुझं प्राग उभं राहणार आहे.

या शनिवारी शब्बाथ उतरला की ठाण्याला जा. फोन नको, व्हिडिओ कॉल तर नकोच. व्हिसाच्या फॉर्मचं नावही काढू नकोस, तो सहा महिने आधीपासून भरता येतो, आठवडाभर थांबेल. सासूबाईंना आजच मेसेज पाठव की आमच्याकडे मलिदा असतो आणि तो माझी आई करते. तो मेसेज आईला दाखव. मग स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहा आणि विचार, सत्तर माणसांना पोहे किती लागतील.

ती लगेच वळणार नाही. भांडी घासत राहील. मग पाठमोरीच म्हणेल, पण तिकडे नारळ मिळतो का?

मिळतो म्हणावं.

– तुझी ताई