दीड लाखात व्हिंटेज घड्याळ घ्यावं की नवीन? माझ्या स्टाईलला काय शोभेल?

तुम्ही प्रश्नात बरंच लिहिलंय. वय ३०, रोज ठाणे ते बीकेसी, मनगट साडेसहा इंच, ऑफिसात शर्ट, सणासुदीला कुर्ता, बजेट दीड लाख. पण मला टोचलं ते शेवटचं वाक्य: ‘चोर बाजारात साठच्या दशकातलं एक फेवर-ल्युबा बघून ठेवलंय, निळी डायल, अगदी नव्यासारखं, ९ हजार म्हणतोय.’

ते घेऊ नका. बाकीचं उत्तर पुढे येईल, पण हे आधी.

साठ वर्षं कुणाच्या तरी मनगटावर घासलेलं घड्याळ नव्यासारखं नसतं. केसच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, कडा झिजून गोल झाल्यात, मागच्या झाकणावरची अक्षरं पुसट झालीत आणि डायल मात्र लखलखीत निळी, तर ती कवळी आहे. म्हाताऱ्याच्या तोंडात एकसारखे पांढरेशुभ्र दात दिसले तर आपण ओळखतो ना, तसंच. परदेशातले घड्याळवेडे असल्या मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. शहराच्या नावावर वडापाव आहे, बॉम्बे डक आहे, आणि हे पण आहे.

फेवर-ल्युबाच का, तर ती आपल्याकडे भरपूर आहेत. मूळ नाव स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावातलं, १७३७ पासूनचं, पण ही मंडळी १८६५ मध्येच मुंबईत आली आणि पुढची शंभर वर्षं इथे राज्य करून गेली. त्यामुळे केस, मशीन, काटे सगळं भंगारात मिळतं. तीन घड्याळांचं एक करायचं, वर ताजी डायल बसवायची.

आता मला हे इतकं का झोंबतं, ते सांगतो.

माझे वडील गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणारी खोकी मोजायची, वेळ टाकायची, सही करायची. घड्याळाशिवाय त्यांचं काम अडायचं. त्यांच्याकडे फेवर-ल्युबा सी चीफ होतं, १७ ज्वेल्सचं (चाकांच्या टोकांना आधार देणारे बारीक खडे), चावीचं. सकाळी दाढी झाली की तोंडाला साबण तसाच ठेवून चावी द्यायचे आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे, कारण वरच्या बाजूला खोक्यांच्या पट्ट्या घासायच्या. डायल मुळात चंदेरी. मी शाळेत जाईपर्यंत तिला सायीचा रंग आला होता, आणि पुढे कडेकडेने चहा सुकलेल्या कपासारखी तपकिरी होत गेली. निवृत्तीनंतरही तेच घड्याळ. नंतर नंतर मात्र ते वेळ बघायला घड्याळ नाकाजवळ नेऊ लागले, मग आईलाच विचारू लागले.

२०१२ साली त्यांची पंच्याहत्तरी केली, भांडुपला एका हॉलमध्ये. दादाने महिनाभर आधी घड्याळ कपाटातून गुपचूप काढलं आणि एका रिडायलवाल्याकडे, म्हणजे जुनी डायल नव्याने रंगवून देणाऱ्याकडे, दिलं. त्याने विचारलं, कलर कुठला? दादाने निळा सांगितला. कार्यक्रमात औक्षण झालं, शाल झाली, आणि मग दादाने मखमली डबी उघडून पुढे केली. टाळ्या पडल्या. बाबांनी घड्याळ हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, “छान आहे रे. पण माझं कुठाय?”

दादा हसला. म्हणाला, “बाबा, हे तुमचंच आहे!” बाबा “असं होय” म्हणाले आणि डबी मिटून आईकडे दिली.

मी त्या रात्री घड्याळ नीट बघितलं. नावाखालचं वाळूच्या घड्याळाचं चिन्ह किंचित कललेलं. सहाच्या खाली ‘स्विस मेड’ इतकं जाड की शाई पसरल्यासारखं. मिनिटांच्या बारीक रेघा आणि तासांच्या उभ्या पट्ट्या एकमेकींना जुळत नव्हत्या. चारच्या जवळ तर चांगला केसभर फरक. तुम्ही चोर बाजारात परत गेलात तर एवढ्या तीन जागा भिंगातून बघा, बाकी काही बघायची गरज नाही. भिंग दोनशे रुपयांत मिळतं. विक्रेता भिंग काढल्यावर बोलायचा थांबला तर तेही उत्तरच समजा.

दादाचं म्हणणं आजही तेच आहे: घराला रंग काढतो, देवाच्या मूर्तीला रंग देतो, मग घड्याळाने काय घोडं मारलंय? अरे, घराला रंग देताना कुणी भिंत पाडत नाही. रिडायलमध्ये जुना रंग, जुनी अक्षरं सगळं केमिकलने पार धातूपर्यंत उतरवतात आणि मग नव्याने रंगवून छापतात. मूळ डायल खाली कुठे लपलेली नसते. गेली ती गेली.

तर तुमच्या स्टाईलचं. मॅगझिनात सूटबूट घातलेल्या माणसाच्या हातात जे दिसतं ते विसरा. साडेसहा इंची मनगटावर ३४ ते ३८ मिलिमीटरचं घड्याळ बसतं, त्यात वादच नाही. ४२ चं घातलंत तर बशी बांधल्यासारखं दिसेल. व्यासापेक्षाही वरच्या लगपासून (पट्टा अडकतो ते कान) खालच्या लगपर्यंतची लांबी बघा. ती मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेली की संपलं. आणि जाडी. शर्टाच्या कफात १२ मिलिमीटरचं घड्याळ अडकतं, दिवसभर तुम्ही बाही ओढत बसाल. कुर्त्याला हा प्रश्न नाही, त्याची बाही ऐसपैस असते. जुनी चावीची घड्याळं पातळ असतात, म्हणून ती शर्टात इतकी सुरेख बसतात. व्हिंटेजची खरी मजा मला विचाराल तर ही आहे, बाकीचा इतिहास लोक नंतर चिकटवतात.

दीड लाख एकाच ठिकाणी घालू नका. नवीन टिसो आरामात येईल, लाँजीन जरा ओढूनताणून. टिसोचं पीआरएक्स ३५ मिलिमीटरमध्येही मिळतं, ते हातात घालून बघा. आणि जुन्याची हौस असेल तर एक एचएमटी जनता घ्या (जनता हे त्यांचं चावीचं मॉडेल), शक्यतो ज्याच्या घरी ते पहिल्यापासून होतं अशा माणसाकडून. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळुरात जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं करायला घेतली, आणि २०१६ मध्ये कंपनी बंद करायचा निर्णय झाला. मधल्या काळातली घरोघरी पडून आहेत. देवनागरी अक्षरांची डायल मिळाली तर कुर्त्यावर दुसरं काही घालावंसं वाटणार नाही. मात्र त्यांच्याही कवळ्या निघतात. भगवी, पोपटी, जांभळी जनता दिसली की पुढे चला.

आणि मेहरबानी करून ‘गुंतवणूक’ हा शब्द काढून टाका. विकायचं म्हणून घड्याळ घेणाऱ्याला घालायची भीती वाटते.

काही गोष्टी राहिल्या. जुन्या घड्याळात पाण्याचा थेंबही जाता कामा नये, मागे ‘वॉटरप्रूफ’ कोरलेलं असलं तरी; आतली रबराची रिंग केव्हाच विटलेली असते. कुर्ल्याला उतरून बीकेसीपर्यंत पावसात जाणार असाल तर जून ते सप्टेंबर स्टीलच्या पट्ट्याचं नवीन घड्याळ, नाहीतर सरळ कॅसिओ. चामड्याचा पट्टा या शहरात एका पावसाळ्यात कुजका वास मारतो. सर्व्हिसिंगचे पैसे दर चार-पाच वर्षांनी बाजूला ठेवा.

आणि सगळेच रिडायल वाईट असं नाही. हे मला लिहायचं नव्हतं, पण दादा हे वाचणार आणि फोन करणार. बाबांनी ती डबी आठवड्याने उघडली आणि पुढे शेवटपर्यंत तेच निळं घड्याळ घातलं. निळ्यावर पांढऱ्या पट्ट्या त्यांना लांबून दिसायच्या. आईला वेळ विचारणं बंद झालं. दादा हा पुरावा दर गणपतीत काढतो आणि मोदक वाढता वाढता आई त्याच्या बाजूने मान हलवते.

माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं, ते दोन वर्षांनी मिळालं. मी माझी जनता फोर्टातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे नेली होती, डायल धुरकट दिसते म्हणून. त्याने डायलला हातही लावला नाही. वरची प्लास्टिकची काच काढली, नवीन बसवली, दीडशे रुपये घेतले. डायल स्वच्छ होती. मी बाबांच्या घड्याळाची गोष्ट सांगितली तर मान वर न करता म्हणाला, “काच आंधळी झाली असेल. डायलला काय झालंय?”

हे मी दादाला त्याच संध्याकाळी ऐकवलं. तो म्हणाला, मग तू तेव्हा का नाही बोललास? रिडायलच्या पैशांत अर्धा वाटा तुझा होता.

होता. साडेसातशे रुपये. मला वाटलं होतं तो फक्त सर्व्हिसिंग करून आणतोय, पण रंग कुठला सांगू म्हणून त्याने फोन केला होता आणि मी गाडीच्या गर्दीत ‘तुला आवडेल तो’ म्हणून ठेवून दिला होता.

असो. साडेसहा इंच हे माप तुम्ही मनगटाच्या हाडावर घेतलंत की हाडाच्या मागे, जिथे घड्याळ बसतं तिथे? तेवढं कळवा, मग लाँजीनचं बोलू.