इझाबेलाचं काम नक्की कोणी केलं? तिन्ही नावं खरी आहेत

तुमची अडचण अशी: देवलांच्या ‘दुर्गा’वर (१८८६) लेख लिहिताय, त्यासाठी टॉमस सदर्नचं ‘द फेटल मॅरेज’ हे मूळ इंग्रजी नाटक शोधलंत, आणि नायिका इझाबेलाचं काम एका ठिकाणी एलिझाबेथ बॅरीच्या नावावर, दुसरीकडे मिसेस सिबरच्या आणि तिसरीकडे सेरा सिडन्सच्या नावावर सापडलं. सालही कुठे १६९३, कुठे १६९४, कुठे १७५७. यातलं खरं कोणतं, असं विचारलंय.

तिन्ही नावं खरी आहेत. सालांचाही उलगडा होतो. गोंधळ होतो तो नाटकाच्या नावाखाली एकच नटसंच लिहून मोकळं व्हायच्या सवयीमुळे. लंडनच्या त्या काळच्या रंगभूमीवर एखादं चाललेलं नाटक शंभर-शंभर वर्षं खेळात असायचं. त्यामुळे नटाच्या नावासोबत तारीख, थिएटर आणि संहिता कोणती, या तीन गोष्टी हव्यातच. त्या नसतील तर नुसत्या नावाचा काही उपयोग नाही.

आता सुरुवातीपासून. ‘द फेटल मॅरेज’ पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते १६९४ च्या सुरुवातीला, लंडनच्या ड्र्युरी लेन थिएटरात. तेव्हा लंडनमध्ये एकच नाटक कंपनी उरली होती. १६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स हद्दपारीतून परत आल्यावर त्याने दोन कंपन्यांना परवाने दिले होते. त्या दोन्ही १६८२ मध्ये एकत्र झाल्या होत्या. कथा तुम्हाला माहीत आहेच: बायरनशी लग्न करायचं म्हणून मठ सोडून आलेली इझाबेला, युद्धावर गेलेला नवरा सात वर्षं बेपत्ता, सासरा दारात उभं करत नाही, धाकटा दीर कार्लोस भाऊ जिवंत असल्याचं माहीत असून गप्प बसतो. पोराच्या पोटासाठी ती व्हिलरॉयशी लग्न करते आणि बायरन परत येतो. पुढे तिला वेड लागतं आणि ती स्वतःला भोसकून घेते. सदर्नने मूळ गोष्ट अ‍ॅफ्रा बेनच्या एका कादंबरिकेतून उचलली होती.

या पहिल्या संचात बॅरी इझाबेला होती आणि टॉमस बेटर्टन व्हिलरॉय. ॲन ब्रेसगर्डल विनोदी उपकथानकातली व्हिक्टोरिया होती. पुस्तक छापताना सदर्नने अर्पणपत्रिकेत सरळ लिहिलं की नाटक मी बॅरीच्या भूमिकेसाठी रचलं आणि तिच्या भूमिकेने माझं नाटक उभं केलं. हे नुसतं सौजन्य नव्हतं. त्याच वर्षीच्या मार्चमधलं एका प्रेक्षकाचं पत्र उपलब्ध आहे. बॅरीला इतक्या उत्कटतेने काम करताना आधी कधी पाहिलं नाही, मला रडू आवरलं नाही, असं तो लिहितो.

त्याच संचातल्या एका नावापाशी मी दरवेळी थांबतो. सासरा काउंट बाल्डविन: मिस्टर किनॅस्टन. हा एडवर्ड किनॅस्टन म्हणजे इंग्लंडच्या स्त्रीपार्टी नटांच्या शेवटच्या पिढीतला सगळ्यात देखणा मुलगा. १८ ऑगस्ट १६६० ला सॅम्युअल पेपिसने त्याला ड्यूकच्या बहिणीच्या भूमिकेत पाहिलं आणि एवढी सुंदर स्त्री मी आयुष्यात पाहिली नाही, असं रोजनिशीत लिहिलं. राजा एकदा नाटकाला लवकर आला, पडदा का उघडत नाही म्हणून विचारलं, तेव्हा ‘राणीसाहेबांची दाढी व्हायची आहे’ असं उत्तर मिळाल्याची आठवण नट-नाटककार कॉली सिबरने नोंदवून ठेवली आहे. पण त्याच वर्षी डिसेंबरच्या ८ तारखेला ‘ऑथेल्लो’तल्या डेस्डिमोनाच्या भूमिकेत एक स्त्री उभी राहिली, आणि १६६२ च्या राजाज्ञेत स्त्रियांची कामं स्त्रियांनीच करावीत असं आलं. किनॅस्टनचं त्याने काही अडलं नाही. तो पुरुष भूमिकांकडे वळला आणि चौतीस वर्षांनी बॅरीला दारातून हाकलणारा करारी म्हातारा झाला. आपल्याकडे १८८६ मध्ये ‘दुर्गा’ आलं तेव्हा स्त्रीभूमिका बहुतेक पुरुषच करत होते. म्हणजे मूळ नाटक ज्या टप्प्याच्या पलीकडे गेलेलं होतं, त्याच्या अलीकडे उभं राहून देवलांनी ते मराठीत आणलं. लेखात हा मुद्दा जरूर घ्या.

१६९३ की १६९४? इंग्लंडमध्ये त्या काळी कायद्याने वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणून फेब्रुवारीतला खेळ त्यांच्या लेखी १६९३ चा, आपल्या हिशेबाने १६९४ चा. जाणकार ‘१६९३/९४’ असं लिहितात ते याचसाठी. ही भानगड १७५२ मध्ये संपली. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. त्याआधीच्या जानेवारी ते मार्चमधल्या कुठल्याही तारखेकडे संशयाने पाहायचं. मी स्वतः सुरुवातीला पेपिसच्या नोंदी एक वर्ष मागे लावून बसलो होतो आणि सगळा क्रम पुन्हा मांडावा लागला होता.

मग १७५७ कुठून आलं? २ डिसेंबर १७५७ ला त्या काळचा नामवंत नट डेव्हिड गॅरिक याने ड्र्युरी लेनला हेच नाटक ‘इझाबेला’ या नावाने लावलं. विनोदी उपकथानक त्याने पूर्ण कापलं आणि फक्त शोकांतिका ठेवली. १६९४ च्या प्रेक्षकाला एका संध्याकाळी रडणं आणि हसणं दोन्ही हवं होतं, साठ वर्षांनी तसली मिसळ अभिरुचीला चालेना. शिवाय हसवायला वेगळी सोय झाली होती: मुख्य नाटक संपलं की छोटा फार्स व्हायचा, मधल्या अंकांच्या फटीत गाणी आणि नाच असायचे. (पौराणिक खेळानंतर फार्स लावायची आपल्या जुन्या मंडळ्यांची रीत आठवा.) या नव्या संहितेत गॅरिक स्वतः बायरन झाला आणि इझाबेला सुझॅना सिबर. म्हणून तुमच्या संदर्भात मूळ नाटक ‘इझाबेला’ म्हणून दिलं असेल, तर ते गॅरिकच्या आवृत्तीचं शीर्षक आहे. सदर्नच्या मूळ पुस्तकावर ते नाव नव्हतं. ‘दुर्गा’ची तुलना करताना कुठली संहिता समोर ठेवताय हे आधी ठरवा. ब्रेसगर्डलची व्हिक्टोरिया गॅरिककडे सापडणारच नाही.

आता सेरा सिडन्स. तिची कहाणी मला या सगळ्यात सगळ्यात जवळची वाटते. २९ डिसेंबर १७७५ ला ती ड्र्युरी लेनला पहिल्यांदा उभी राहिली, ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या पोर्शियाच्या भूमिकेत. जाहिरातीत तिचं नावही नव्हतं, नुसतं ‘एक तरुण स्त्री’. त्या रात्रीची प्रॉम्प्टर (विंगेतून नटांना पाठ सांगणारा) विल्यम हॉपकिन्सची नोंद आहे: बांधा चांगला, दिसायला बरी, पण जोश आणि सहजता कमी, आवाज थोडा जाडा. हंगाम संपल्यावर तिला पुन्हा घेतलं नाही. नंतरची सहा वर्षं तिने बर्मिंगहॅम, यॉर्क, बाथ अशा गावोगावच्या थिएटरांत काढली. १० ऑक्टोबर १७८२ ला ती त्याच ड्र्युरी लेनवर परत आली आणि परतीसाठी निवडलं ते इझाबेला. हा सल्ला नाटककार शेरिडनच्या वडिलांचा. इझाबेलाच्या मुलाचं काम तिच्या स्वतःच्या हेन्रीने केलं. त्याला आठवं वर्ष नुकतंच पुरं झालं होतं. तालमीत आई मरते तो प्रवेश आला तेव्हा ती खरंच मरतेय असं वाटून पोरगं ढसाढसा रडायला लागलं, अशी हकिकत आहे. त्या रात्रीनंतर लंडनमध्ये तिच्या तोडीची शोकनायिका कोणी मानली गेली नाही. दोन वर्षांनी एडिंबरोला तिचा हाच खेळ पाहताना एक तरुण मुलगी ‘माझा बायरन!’ असं किंचाळून कोसळली आणि तिला उचलून बाहेर न्यावं लागलं, अशी गोष्ट सांगतात. त्याच मुलीने पुढे खरोखरच बायरन आडनावाच्या माणसाशी लग्न केलं. कवी बायरनची ती आई.

म्हणजे तुमची तिन्ही नावं अशी बसतात: बॅरी १६९४, सदर्नची संहिता. सिबर १७५७, गॅरिकची संहिता. सिडन्स १७८२, तीच गॅरिकची संहिता.

पण एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत आणि तो यापुढे पडेलच: मधल्या वर्षांत कोण? इथे त्या काळचा एक अलिखित नियम उपयोगी पडतो. भूमिका नटाच्या नावावर असायची, जमिनीसारखी. एकदा मिळाली की तो कंपनीत आहे तोवर, किंवा स्वतः सोडेपर्यंत, ती त्याचीच. बेटर्टनने हॅम्लेट १६६१ मध्ये केला आणि १७०९ मध्ये, सत्तरी उलटल्यावरही, तोच करत होता. १६९५ मध्ये बेटर्टन, बॅरी आणि ब्रेसगर्डल कंपनी फोडून लिंकन्स इन फील्ड्सच्या थिएटरात गेले, तेव्हा ड्र्युरी लेनला उरलेल्या नटांना त्यांच्या भूमिकांत कोणाला उभं करायचं हा मोठा पेच होता. म्हणून नट कुठल्या तारखेला कुठल्या कंपनीत होता एवढं कळलं तरी अर्धं उत्तर मिळतं.

पुरावा कशाला म्हणायचं यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात. पुस्तकात छापलेला नटसंच बहुधा पहिल्या खेळाचा असतो आणि तेवढ्यापुरताच धरायचा. सतराव्या शतकासाठी आपल्याकडे तोच मुख्य आधार. जोडीला पेपिससारख्यांच्या रोजनिशा आणि जॉन डाउन्स या प्रॉम्प्टरने म्हातारपणी, १७०८ मध्ये, छापलेल्या आठवणी. ‘डेली कुरंट’ हे दैनिक १७०२ मध्ये निघालं. त्यात नाटकांच्या जाहिराती येऊ लागल्या आणि मग रोजचा खेळ, भूमिका, नट असं सापडायला लागतं. तरी जाहिरात म्हणजे त्या दिवशी ठरलेला बेत. ऐनवेळी नटी आजारी पडली तर बदली नाव मंचावरून सांगितलं जायचं, छापलेलं नाव तसंच राहायचं. खरोखर काय घडलं ते कळतं प्रॉम्प्टरच्या डायरीतून. ड्र्युरी लेनसाठी रिचर्ड क्रॉस आणि त्याच्यानंतर हॉपकिन्स या दोघांच्या नोंदी म्हणूनच मोलाच्या आहेत.

आणि जाहिरात मुद्दाम आडवळणाचीही असायची. १७३७ च्या कायद्याने फक्त परवानाधारक थिएटरांनाच पैसे घेऊन नाटक करता येत होतं. गुडमन्स फील्ड्स या थिएटरला परवाना नव्हता. म्हणून १९ ऑक्टोबर १७४१ च्या जाहिरातीत दोन भागांची गाण्याबजावण्याची मैफल आहे, तिकीट मैफलीचं, आणि मध्ये ‘फुकट’ शेक्सपिअरचं ‘तिसरा रिचर्ड’ नाटक. रिचर्डच्या जागी नाव नाही. ‘आजवर कुठल्याही रंगमंचावर न आलेले एक सद्गृहस्थ’ एवढंच. तो गॅरिक. मजकूर खराही नव्हता, कारण त्याच उन्हाळ्यात तो इप्सविचला लिडल या नावाने कामं करून आला होता.

नावांचा सापळा तर फार मोठा. ‘मिसेस’ पाहून लग्न झालेली समजू नका. बॅरी आणि ब्रेसगर्डल दोघी अविवाहित, पण प्रौढ नटीला मिसेस म्हणायची पद्धत होती. ‘मिसेस सिबर’ दोन. कॉलीचा मुलगा थिऑफिलस याची पहिली बायको जेन १७३३ मध्ये वारली, आणि १७३४ मध्ये त्याने सुझॅना आर्नशी लग्न केलं. १७५७ ची इझाबेला ही दुसरी. ‘मिसेस बॅरी’सुद्धा दोन, मध्ये पाऊण शतकाचं अंतर. दुसरी म्हणजे नट स्प्रेंजर बॅरीची बायको ॲन. ती त्याआधी मिसेस डान्सर होती आणि नंतर मिसेस क्रॉफर्ड झाली, म्हणजे एकाच नटीची तीन नावं तुम्हाला वेगवेगळ्या वर्षांच्या जाहिरातींत दिसतील. १७७० च्या दशकातल्या कुठल्याही नटसंचात मिसेस बॅरी दिसली तर ती एलिझाबेथ नव्हे.

लेखात मी असं लिहीन: ‘सदर्नच्या नाटकात (ड्र्युरी लेन, १६९३/९४) इझाबेला एलिझाबेथ बॅरीने केली. गॅरिकच्या संक्षिप्त संहितेत १७५७ मध्ये सुझॅना सिबरने आणि १७८२ मध्ये सेरा सिडन्सने.’ एवढ्या दोन वाक्यांत वाचकाचा कुठलाही गैरसमज उरत नाही.

पुढचा लेख ‘संशयकल्लोळ’वर करणार असं तुम्ही म्हटलंय, म्हणून आताच सांगून ठेवतो. त्याचं मूळ आर्थर मर्फीचं ‘ऑल इन द राँग’. त्यातला सर जॉन रेस्टलेस म्हणजे आपला फाल्गुनराव. पहिला खेळ १५ जून १७६१, थिएटर ड्र्युरी लेनच. पण तो उन्हाळ्याचा हंगाम होता. नेहमीची कंपनी सुट्टीवर होती आणि मर्फी व नट-नाटककार सॅम्युअल फूट यांनी थिएटर गॅरिककडून भाड्याने घेतलं होतं. ‘ड्र्युरी लेन, १७६१’ एवढं वाचून त्या नटसंचात गॅरिक शोधू नका.